उंच जीप आणि वालचंदनगरचा काटा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागावे, पाटसला उजवीकडे वळून बारामती गाठावी, आणि तीही मागे टाकून इंदापूरच्या दिशेने निघावे, म्हणजे उसाचे राज्य सुरू होते. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी ही तिच्या वाटेवरची गावे. बेलवाडीचे गोल रिंगण प्रसिद्ध, तर निमगावची विड्याची पाने. दिवाळीच्या सुमारास मात्र या रस्त्यावर टाळमृदंगाऐवजी बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो. गाळपाचा हंगाम तोंडावर आलेला असतो, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरत असतात, आणि रस्त्याकडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहू लागतात.

याच रस्त्यावर जंक्शन नावाचे गाव लागते. नाव ऐकून नवख्या माणसाची नजर आगगाडीच्या सिग्नलाचा शोध घेऊ लागते. परंतु येथे मिळतात ते रस्ते. त्यांतला एक धरून नीरा नदीच्या बाजूला वळले, की थोड्याच वेळात वालचंदनगर येते. नदीपलीकडे माळशिरस तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. आयुष्याच्या आरंभी त्यांनी लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून विलायतेला निघाली, ती त्यांच्याच जिद्दीवर. १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणला जहाजांचा, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी, असा त्यांचा झपाटा होता. रूळ, समुद्र, आकाश आणि सडक या चारही वाटांवर हात टाकलेल्या या गृहस्थांनी १९३३-३४ च्या सुमारास कळंब गावच्या शिवारात साखर कारखाना उभा केला. त्याच्याभोवती जे गाव वसले ते वालचंदनगर. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी, काळी जमीन आणि यंत्रे दुरुस्त करता करता यंत्रेच बनवू लागलेले कारागीर, एवढ्या भांडवलावर येथे पुढे साखर आणि सिमेंट कारखान्यांची अवजड यंत्रे तयार होऊ लागली. नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स आणि इस्रोच्या अग्निबाणांची आवरणेही येथे घडली आहेत.

गाव असे जड वस्तूंचे. उसाचे टन, यंत्रांचे टन, ट्रेलरचे टन. येथल्या बोलण्यात 'किती वजन भरले?' हा प्रश्न जितक्या वेळा येतो तितक्या वेळा हवापाण्याचा विषयही येत नसेल. या गावी एका जीपने मला वजनाचा जो धडा शिकवला, तो मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचा आहे असे वाटल्यावरून हा प्रपंच.

माझ्या मामेभावाची शेती कळंबच्या बाजूला. घर गावात नाही, रानात वस्तीवर आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर वस्तीपर्यंत तीन किलोमीटर, आणि या तीन किलोमीटरांत वाटेची तीन रूपे. पहिला तुकडा खडीचा. दुसरा कालव्याच्या भरावावरून. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दीड पुरुष खोल उतार, मध्ये जेमतेम एका वाहनापुरती जागा. तिसरा तुकडा उसाच्या फडांमधला. तेथे वर्षानुवर्षांच्या गाड्यांनी दोन चाकोऱ्या खोल पाडल्या आहेत आणि त्यांच्या मध्ये गवताळ वरंबा उंच राहिला आहे. काळी माती कोरडी असली म्हणजे दगड आणि भिजली म्हणजे लोणी. परतीचा पाऊस लांबला तर दसऱ्यापर्यंत या वाटेने साधी मोटार जात नाही, मग रुग्णवाहिका कुठली?

या वस्तीवर जीप आली ती मिरवायला आली नाही. मामी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली. दर पंधरवड्याला त्यांना बारामतीस डॉक्टरांकडे न्यावे लागते. शिवाय वैरण, खताची पोती, दुधाचे कॅन, मुलांची शाळा ही सगळी कामे त्या एका जुन्या जीपवर.

जीप आणि महाराष्ट्रातील खेडे यांचे नाते तसे जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी जन्मलेली ही गाडी १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याच्या जीपची धूळ गावोगाव उडू लागली. त्या जीपला पुढे-मागे दोन्हीकडे लोखंडी कमानी असत. पुढच्या पिढ्यांनी ती रचना हळूहळू सोडली. २०१० च्या थारला मागे कमानी राहिल्या, २०२० च्या थारला चारी चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. आमच्या मामेभावाची जीप मात्र जुन्या कुळातली, चारी चाकांवर कमानींची.

मी गेलो तेव्हा ही जीप मला ओळखूच आली नाही. ती चांगली वीतभर उंच वाटत होती. पुतण्या पंचविशीतला, हौशी. त्याने पुण्याच्या एका दुकानातून उंच कमानींचा संच आणून चढवला होता.

"काका, आता कुठंबी अडत नाही बघा!" तो अभिमानाने म्हणाला.

तेवढ्यात मामी काठी टेकत बाहेर आल्या. त्यांच्या मागून सुनेने पूजेचा चौरंग आणला. चौरंग जीपच्या दाराशी ठेवला गेला, मामींनी त्यावर एक पाय दिला, दुसरा उचलला, आणि दोन माणसांनी त्यांना आत बसवले.

"गाडी मोठी झाली, मी म्हातारी झाले," त्या हसून म्हणाल्या. "सत्यनारायण आता जमिनीवरच बसतो."

पुढच्या तीन किलोमीटरांत हसू ओसरले. फडांमधल्या चाकोरीत जीप घोड्यासारखी उधळत होती. खड्ड्यातून वर आलेले चाक क्षणभर अधांतरी राही, आणि ते जमिनीवर नसताना ब्रेक काय किंवा सुकाणू काय, दोन्ही नावापुरते. मधल्या वरंब्याला मागच्या आखाचा गोळा पूर्वीसारखाच घासत होता. कालव्याच्या भरावावर वळण आले तेव्हा वरचा सांगाडा असा कलला, की मामींनी शेजारचा दांडा दोन्ही हातांनी धरला. त्या बोलल्या काहीच नाहीत. डोळे मात्र त्यांनी मिटून घेतले होते.

परतताना जंक्शनजवळच्या एका मिस्त्रींकडे जीप नेली. साठी ओलांडलेले गृहस्थ, ट्रक आणि ट्रॅक्टरांत हयात गेलेली. त्यांनी जीपखाली डोकावून पाहिले, एका शॉकअपवरून बोट फिरवले आणि तेल लागलेले बोट पुतण्याला दाखवले.

"दादा, किती वजनासाठी घेतल्या ह्या कमानी?"

"वजनासाठी नाही मिस्त्री, उंचीसाठी घेतल्या."

"हां! मग बिघडलं ते हितंच बिघडलं."

त्यांनी आधी पाना हाती घेतला नाही. "काट्यावर घेऊन चला," म्हणाले. उसाच्या मुलखात वजनकाटे मुबलक. काट्याचे नाव निघाले की ऊसकऱ्याच्या कपाळाला एक आठी पडते ती वेगळी. परंतु जीप तोलायला तो उत्तम. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, मग फक्त मागची. रिकामी जीप पुढे ६४० किलो आणि मागे ५६० किलो भरली. मग वस्तीवर जातात तशी माणसे आणि खताची पोती भरून पुन्हा तोलली. पुढे ६८०, मागे ९६०!

आकडे कागदावर मांडून मिस्त्री म्हणाले, "बघा साहेब. पुढच्या कमानीला वर्षभर एकच काम. मागच्यांना दोन कामं, रिकामं आन् भरलेलं. दोन्हीला एकच माप कसं चालंल?"

त्यांनी पुढे जे समजावले ते माझ्या शब्दांत असे. पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून ही कमान होते. मिस्त्रीलोक पट्टीला पाटा म्हणतात. कमानीचा गुण एकच, तो म्हणजे ती किती किलोंना किती सेंटिमीटर दबते. आख आणि चाके यांचे वजन कमानीवर येत नाही, म्हणून मागच्या वजनातून त्यांचे अंदाजे १२० किलो वजा करायचे. उरले ४४०, म्हणजे एका कमानीवर २२०. भरल्यावर ८४०, म्हणजे एका कमानीवर ४२०. आता सेंटिमीटरला ८० किलो लागणारी कमान घातली तर रिकामी जीप तिला पावणेतीन सेंटिमीटर दाबते. तीस किलोंची घातली तर सव्वासात.

मग फरक काय? जितकी कमान कमी दबते तितकी ती जलद थरथरते. पावणेतीन सेंटिमीटर दबलेल्या कमानीवरची गाडी मिनिटाला सुमारे १८० हेलकावे घेऊ पाहते, सव्वासात दबलेली सुमारे ११०. पहिलीत दात वाजतात, दुसरीत पाठीला जरा उसंत मिळते. मामींच्या खुब्याच्या दृष्टीने हा फरक केवळ सोयीचा नव्हता.

"उंची दोन वाटांनी येते," मिस्त्री म्हणाले. "कमान कडक करा, ती दबणार नाही म्हणून गाडी उंच. न्हाईतर कमान तेवढीच मऊ ठेवा आन् तिला बाक जास्ती द्या. पहिली वाट सोपी, म्हणून दुकानदार तीच विकतो. ह्या संचात दोन्ही केल्यात, पर पोती भरायच्या हिशोबानं कडक. रोज पोती भरता का तुम्ही?"

पुतण्या गप्प. रोज दोन माणसे आणि दुधाचे कॅन जात होते. पोती महिन्यातून चारदा.

यावरचा उपाय जुन्या ट्रकवाल्यांना ठाऊक असलेला. मुख्य कमान मऊ ठेवायची आणि तिला एक मदतीचा जाड पाटा द्यायचा. रिकामेपणी तो पाटा नुसता राहतो. ओझे पडून कमान ठरावीक अंतर दबली, म्हणजे तो टेकतो आणि भार वाटून घेतो. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखे त्याचे वागणे. एरवी बोलत नाही, अडचणीला खांदा देतो.

पुतण्याने विचारले, "मग जुनेच पाटे भट्टीत तापवून बाक दिला तर? लोहार करून देतो म्हणाला." मिस्त्रींनी कानाला हात लावला. पाट्याचे पोलाद कारखान्यात ठरावीक उष्णतेला तापवून, पाणी देऊन, पुन्हा बेताने तापवून चिवट केलेले असते. लोहाराच्या भट्टीत ते पाणी उतरते. बाक येतो, पण एक तर तो महिन्याभरात बसतो, नाहीतर पाटा खड्ड्यात तडकतो. फडाच्या वाटेवर तडकला तर ढकलून आणता येईल. कालव्याच्या भरावावर तडकला तर?

आता शॉकअपची पाळी. आपल्याकडे पुष्कळांचा समज असा, की शॉकअप गाडीचा भार तोलतो. त्याचे ते काम नाही. भार कमान तोलते. कमान एकदा हलू लागली की तिला थांबवणे हे शॉकअपचे काम. नळीत तेल असते, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. चाक वरखाली झाले की तेल त्या भोकांतून रेटले जाते, आणि हेलकाव्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खडबडीत वाटेवरून आल्यावर शॉकअपला जपून हात लावून पाहावा. तिन्ही कोमट आणि चौथा थंड लागला, तर तो चौथा फुकटचा पगार खातो आहे असे समजावे! वाईट वाटेवर फार वेळ धावल्यास साध्या शॉकअपातल्या तेलाला फेस येतो आणि त्याचा जोर जातो; दाबलेला नायट्रोजन वायू भरलेल्या शॉकअपात हा फेस कमी होतो. लोखंडी कमानीत पाटे एकमेकांवर घासून स्वतःच थोडा आवर घालतात. गुंडाळीच्या स्प्रिंगेत ते घर्षण नाही, म्हणून तिला शॉकअप अधिक समर्थ लागतो.

पुतण्याने कमानी बदलल्या होत्या, शॉकअप जुनेच ठेवले होते. जीप उंच झाली, आख खाली गेला, आणि जुना शॉकअप उभ्याउभ्याच जवळजवळ पूर्ण ताणला गेला. खड्ड्यात चाक आणखी खाली जाऊ पाहताच सगळा हिसका शॉकअपच्या दट्ट्यावर. तेल गळत होते ते त्यामुळे. याच्या उलट, फार लांब शॉकअप घातला तर गाडी दबताना रबरी ठोकळ्याला टेकण्याआधीच दट्ट्या तळाशी आपटतो. म्हणून मिस्त्रींनी माप घेतले ते असे: गाडी धडावर उचलून आख पूर्ण लोंबू दिला आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या खिळींमधले अंतर टेपने मोजले; मग आख रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर घेऊन पुन्हा मोजले. पूर्ण उघडलेला शॉकअप पहिल्या मापाहून थोडा लांब हवा आणि पूर्ण मिटलेला दुसऱ्याहून थोडा आखूड. त्याच वेळी ब्रेकची रबरी नळी ताणते का, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा वेडावाकडा कोन करतो का, सुकाणूचा दांडा तिरपा होतो का, हेही पाहिले. उंची वाढवणारा माणूस बहुधा कमानीची किंमत विचारतो. ही बाकीची यादी त्याला नंतर कळते.

सर्वांत मौज पुढे आली. पुतण्या म्हणाला, "पण मिस्त्री, वरंब्याला गोळा घासतो म्हणून तर उंच केली!"

मिस्त्रींनी जमिनीवर काडीने आख आणि चाके काढली. "हा गोळा कशावर बसलाय? आखावर. आख कशावर? चाकावर. कमान तर आखाच्या वर हाय. तिनं अंग उंच केलं, गोळा व्हता तिथंच राहिला."

साधी गोष्ट, पण आम्हा दोघांनाही ती नवी होती. गोळ्याखालची जागा वाढते ती फक्त मोठ्या टायराने, आणि तीही टायराच्या वाढीव व्यासाच्या निम्मी. व्यास पाच सेंटिमीटर वाढला तर मोकळी जागा अडीच. कमानीने वाढते ते अंग. अंग वाढले की भारमध्य वर जातो, चाकांमधले अंतर मात्र तेवढेच राहते. कालव्याच्या वळणावर मामींनी दांडा का धरला, त्याचे उत्तर त्या काडीच्या रेघांत होते.

कायदाही याच बाजूला आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न त्यातूनच निघतो.

मग ठरले काय? मिस्त्रींनी जुने, काढून टाकलेले पाटे मागवून पाहिले. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ते चपटे झाले होते. मूळच्या बाकापेक्षा चार सेंटिमीटर खाली! म्हणजे पुतण्याला हवी होती त्यातली पुष्कळशी उंची जीपची स्वतःचीच होती, ती झिजून गेली होती. पुढे कारखान्याच्या मापाच्या नव्या कमानी, मागे मूळ बाकाची मऊ कमान आणि मदतीचा पाटा, मापून घेतलेले वायूचे शॉकअप, आणि त्या जीपला निर्मात्याने मान्य केलेल्या मापांपैकी मोठे टायर, अशी यादी झाली. फडातला वरंबा मात्र मामेभावाने ट्रॅक्टरला फळी जोडून खरवडून घेतला. गाडी उंच करण्यापेक्षा वाट नीट करणे स्वस्त पडते, हे त्याचे म्हणणे कोणाला खोडता आले नाही.

सह्याद्रीच्या दगडी वाटांवर हौसेने जीप घालणारे लोक आहेत. त्यांची गरज वेगळी आणि त्यांचे हिशेबही वेगळे. परंतु तोलण्याचा आणि मोजण्याचा नियम त्यांनाही तोच. आणखी एक विनंती त्यांना करावीशी वाटते. इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचा गवताळ माळ आहे. तेथे चिंकारा आणि लांडगे आहेत, आणि वनखात्याने २०२४ साली तेथे सफारी सुरू केली. असा माळ उंच जीपवाल्याला मोकळे मैदान वाटतो. परंतु जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे ते घर असते. तेथे आखलेली चाकोरी सोडू नये.

पंधरा दिवसांनी पुतण्याचा फोन आला. मामी बारामतीला जाऊन आल्या होत्या. भरावाच्या वळणावर त्यांनी दांडा धरला नाही. त्या शेजारणीशी बोलत होत्या, आणि वळण मागे पडल्याचे त्यांना कळलेही नाही. चौरंग देवघरात परत गेला आहे.

वालचंदनगरला तुम्ही कधी गेलात तर तेथल्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा. उसाची टायरगाडी जाईल. तिला कमान नाही आणि शॉकअपही नाही. टायरातली हवा आणि बैलांची मान एवढ्यावरच तिचा सारा हिशेब. तिच्यामागून एखाद्या ट्रेलरवर घरापेक्षा मोठे यंत्र मुंगीच्या पावलाने सरकत येईल, आणि त्याच्या चाकांची संख्या मोजता मोजता तुम्ही थकाल. ती चाके कोणी शोभेसाठी लावलेली नसतात. आधी वजन ठरते, मग चाके, मग कमानी, आणि उंची जी काय यायची ती सर्वांच्या शेवटी येते.